गच्चीवरच्या त्या डबीनं काय होतं?

सोसायटीची मीटिंग असो नाहीतर लग्नाची पंगत, मी इमारतींच्या पाण्याच्या टाक्यांत सेन्सर बसवते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो: "ताई, एवढीशी डबी गच्चीवर बसवून पर्यावरणाचं असं काय भलं होतं?" गेल्या महिन्यात मुलुंडच्या एका सोसायटीत एका काकांनी हेच विचारलं. मीटिंग संपत आली होती, लोक चपला शोधत होते, त्यामुळे मला धड उत्तर देता आलं नाही. काका, तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

ती डबी म्हणजे बिनतारी सेन्सर. टाकीच्या आत वरच्या बाजूला बसतो. आपल्याला ऐकू येत नाही असा आवाजाचा ठोका पाण्यावर सोडतो, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे हे काढतो आणि तो आकडा रेडिओवरून वॉचमनच्या केबिनमधल्या गेटवेला, म्हणजे सगळे आकडे गोळा करणाऱ्या यंत्राला, कळवतो. बस्स. तो स्वतः एक थेंबही वाचवत नाही. सेन्सर लावला की इमारत 'ग्रीन' झाली असं सांगून माल विकणारे आहेत, मला ते पटत नाही.

मग उपयोग काय? दादरची एक गोष्ट सांगते. दहा मजले, साठ घरं. पाणी पुरत नाही, महिन्याला टँकर मागवावे लागतात, अशी तक्रार. गच्चीवरची टाकी पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की दोनशे लिटर गेले. सेन्सर बसवला आणि मी पातळीच्या आलेखातली फक्त रात्री दोन ते पाचची रेघ बघायला लागले. त्या वेळी पंप बंद असतो, सगळी इमारत झोपलेली असते, पातळी जागची हलायला नको. पण ती तीन सेंटिमीटर उतरत होती. टाकीतल्या दमटपणानं सेन्सरच्या तोंडावर पाण्याचे थेंब धरतात आणि रीडिंग चुकतं, म्हणून एका रात्रीवर मी विश्वास ठेवला नाही. चार रात्री बघितल्या. चारही रात्री तेवढीच.

तीन तासांत सहाशे लिटर, दिवसाला चार हजार आठशे. पाणीपुरवठ्याच्या नियोजनात शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे पस्तीस माणसांचं पाणी कोणी न वापरता चाललं होतं. शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानशातून निघून, शुद्ध होऊन, एवढ्या लांबून आलेलं पाणी. आधी ते आपल्या खालच्या टाकीत पडलं, मग पंपानं दहा मजले चढलं आणि शेवटी गटारात गेलं. त्यात वीज तशी थोडी जाते. पंपातच निम्मी वाया जाते असं धरलं तरी दिवसाला पाऊण-एक युनिट. पाण्याचं नुकसान मात्र मोठं.

जातं कुठे ते शोधायला वेगळं यंत्र लागलं नाही. जिलबीत घालतात तो खायचा रंग आणला. प्लंबर आणि मी घरोघर गेलो, फ्लशच्या टाकीत चिमूटभर रंग टाकला आणि अर्धा तास फ्लश करू नका म्हणून सांगितलं. अकरा घरांत कमोडमधलं पाणी केशरी झालं, म्हणजे फ्लश न करताच टाकी गळत होती. सातव्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगं, मी रोज रात्री पाण्याचा आवाज ऐकते. मला वाटायचं, बाहेरच्या पाइपातून येतोय." आतले रबरी वॉशर बदलले, गच्चीवरच्या एका गळक्या जॉइंटला नवा तुकडा घातला. पुढच्या सोमवारी पहाटेची रेघ सपाट आली. ती बघताना मला झालेला आनंद अजून आठवतो.

आता अशा अनेक डब्यांचं 'नेटवर्क' कशासाठी, एक डबी का नाही? कारण एक डबी अर्धीच गोष्ट सांगते. खालच्या टाकीतून हजार लिटर निघाले आणि वर आठशेच पोचले, तर मधल्या पाइपात गळती आहे हे दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवल्यावरच कळतं. शहराचंही असंच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही नाही. कुलाब्याचा आकडा बघणाऱ्याला कुर्ल्यात लोक गळ्याइतक्या पाण्यात उभे आहेत हे कसं कळणार? त्यानंतर महापालिकेनं ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, ते याचसाठी.

पुढचा प्रश्न बहुधा सेलचा असतो: "सारखे सेल बदलायचे, मग कसली वीजबचत?" माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग हाच. डबीतला रेडिओ सतत चालू ठेवला आणि तो वीस मिलिअँपिअर खात असेल, तर अडीच हजार मिलिअँपिअर-तासांचा सेल पाच दिवसांत संपतो. म्हणून डबी झोपते. झोपेत तिला अँपिअरचे काही दशलक्षांश भाग पुरतात. पंधरा मिनिटांनी क्षणभर जागी होते, मोजते, आकडा पाठवते आणि पुन्हा झोपते. अशी शिस्त पाळली की तोच सेल वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा पट्टा अशा कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरता येतो. वायफायच्या मानानं या लहरी काँक्रीटच्या भिंतींतून बऱ्या जातात. खालच्या टाकीचं लोखंडी झाकण मात्र त्यांनाही अडवतं, तिथे अँटेना बाहेर काढावीच लागते.

आणि सेल संपल्यावर? तो कचऱ्यात टाकायचा नाही. मी बसवलेल्या प्रत्येक डबीचा जुना सेल मीच परत नेते आणि साठले की रीसायकलिंगला देते. पाणी वाचवायला लावलेल्या वस्तूनं देवनारच्या कचऱ्याच्या ढिगात भर घालावी हे मला सहन होत नाही. डबी विकत घेताना विकणाऱ्याला हे जरूर विचारा. उत्तर देता आलं नाही तर घेऊ नका.

काका, डबी बसवायची की नाही ते तुमची सोसायटी ठरवेल. तोवर आज रात्री झोपण्याआधी फ्लशच्या टाकीत जिलबीचा रंग टाका, घरातल्या सगळ्यांना अर्धा तास थांबायला सांगा, मग कमोडमध्ये बघा. शेजारच्यांनाही थोडा रंग द्या. पाणी केशरी दिसलं तर आधी प्लंबरला बोलवा, मला नंतर फोन केलात तरी चालेल.