१९११, .४६० रोलंड आणि कडक स्प्रिंगचा गैरसमज

.४५ ची १९११ पिस्तूल .४६० रोलंड या त्याहून जोरदार काडतुसाची करायची म्हटलं की रेंजवर पहिला सल्ला ठरलेला असतो, स्लाइडला (पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग) कडक स्प्रिंग टाक आणि मोकळा हो. इथे टेक्सासमध्ये सल्ल्यांना तोटा नाही, शेजारच्या लेनवरचे आजोबा स्वतःचं मॅगझिन भरता भरता तुमच्या पिस्तुलाचं निदान करून देतात, आणि बऱ्याचदा बरोबरही असतात. पण हा स्प्रिंगवाला सल्ला अर्धाच खरा आहे आणि मी या बदलाचं किट बसवून घेतल्यापासून इतक्या जणांशी यावर वाद घातलाय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. .४५ एसीपी हे काडतूस १९११ चे डिझायनर जॉन ब्राउनिंगसाहेबांनी १९०५ च्या सुमारास काढलं, आणि आजच्या हिशोबाने ते फारच थंड प्रकृतीचं आहे, कमाल प्रेशर २१,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), तर साध्या ९ एमएमचं ३५,०००. म्हणजे केस (काडतुसाचं पितळी कवच) मोठी पण दम कमी. आता असं काही दिसलं की हौशी लोकांचे हात शिवशिवणारच. आधी .४५ सुपर आलं, २८,००० पर्यंत. मग १९९० च्या दशकात जॉनी रोलंड आणि लुइझियानाचं क्लार्क कस्टम गन्स यांनी थेट ४०,००० चं काडतूस काढलं. गोळी तीच .४५ ची, फक्त केस साधारण दीड मिलिमीटर लांब, आणि ती मुद्दाम लांब ठेवलीय, म्हणजे चुकून कोणी साध्या .४५ मध्ये भरायला गेला तर स्लाइड पूर्ण बंदच होऊ नये.

आकडे बघा. २३० ग्रेनची (साधारण १५ ग्रॅम) गोळी साध्या .४५ मधून साधारण ८५० फूट प्रति सेकंद जाते, रोलंडमधून १३४० च्या आसपास. एनर्जी ५०० ज्यूलवरून सव्वाबाराशेवर, म्हणजे .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या गावात. आणि हे सगळं शंभर वर्षांपूर्वीच्या डिझाइनच्या पिस्तुलातून.

आता स्प्रिंगकडे येऊ. .४५ च्या केसवर आतून दाब पडतो तो गोळीच्या क्षेत्रफळावर, ते येतं साधारण ०.१६ चौरस इंच. त्याला ४०,००० ने गुणा, ६,४०० पौंड. म्हणजे त्या क्षणभरात स्लाइडला मागे ढकलणारं बळ ६,४०० पौंड आणि तुम्ही टाकलेली स्प्रिंग १६ च्या जागी २० नाहीतर २४ पौंडांची! हत्तीला दोरा बांधल्यासारखं आहे ते. त्या क्षणी स्लाइडला थोपवून धरतं ते तिचं वजन, दुसरं काही नाही. बॅरल (नळी) आणि स्लाइड लग्जमध्ये (एकमेकांत बसणाऱ्या खाचा-दात्यांमध्ये) अडकलेले असतात, दोघं मिळून मागे निघतात, गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत ते काही मिलिमीटरच सरकलेले असतात, प्रेशर पडतं आणि मग लिंक (बॅरलखालची छोटी कडी) बॅरलला खाली ओढते आणि लॉक उघडतं. सगळा खेळ या उशिराचा आहे.

म्हणूनच रोलंडच्या किटमध्ये पुढे नळीच्या टोकाला तो जाडजूड कॉम्पेन्सेटर (भोकांतून गॅस बाहेर सोडणारा तुकडा, थोडक्यात कॉम्प) असतो, आणि तो शोभेचा नाही, झटका कमी करायला तर नाहीच नाही, म्हणजे तेही काम तो करतो पण ते बोनस. त्याचं खरं काम दोन प्रकारचं. एक तर बॅरलला वजन वाढतं, त्यामुळे सगळं हळू मागे निघतं. दुसरं म्हणजे गोळीमागून येणारा गॅस कॉम्पच्या आतल्या भिंतींवर आदळतो आणि बॅरलला पुढे ओढतो, बॅरल स्लाइडला अडकलेली, म्हणजे स्लाइडलाही ब्रेक. कॉम्प काढून नुसत्या स्प्रिंगवर हे काडतूस चालवायचं म्हटलं तर स्लाइडचा वेग दीडपटीहून जास्त होईल आणि फ्रेमवर (खालच्या सांगाड्यावर) आदळताना एनर्जी अडीचपट. फ्रेम किती दिवस सहन करेल देव जाणे.

अजून एक जुनी गंमत आहे, फायरिंग पिन स्टॉप. काडतुसावर आपटणारी पिन जागेवर धरणारा हा छोटासा चौकोनी तुकडा, स्लाइड मागे येताना याच्याच खालच्या कडेने हॅमर (घोडा) मागे पाडला जातो. मूळ डिझाइनमध्ये ही कड बरीच चौकोनी होती, नंतर ती गोल केली कारण हाताने स्लाइड ओढायला सोपं जावं. कड चौकोनी असली की हॅमर पाडायला स्लाइडला जास्त जोर लागतो, म्हणजे सुरुवातीलाच वेग मरतो. थोड्या डॉलरचा पार्ट, पण बसवायला कानस घेऊन बसावं लागतं आणि माझ्याकडे तेवढा पेशन्स नाही, म्हणून ते आणि बॅरलचं फिटिंग गनस्मिथकडेच दिलं. १९११ ची बॅरल ग्लॉक पिस्तुलासारखी टाकली की बसली असं होत नाही, लग्ज नीट भिडतायत का, हेडस्पेस (चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा) गेजवर बरोबर येतोय का, हे ४०,००० पीएसआयच्या बाबतीत अंदाजपंचे करायचं काम नाही.

स्प्रिंग मग कशाला? लागते, पण उरलेला वेग खायला. आणि फार कडक टाकली तर स्लाइड परत येताना इतकी जोरात येते की मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर यायच्या आत ती निघून जाते, मग मॅगझिनच्या स्प्रिंगही बदला. एकाला हात लावला की दुसरं ओरडतं.

रेंजवर काय मिळतं? २५ यार्डवर कागदात भोक पाडायला काहीच नाही. ग्रुप होता तेवढाच. मॅचसाठी म्हणाल तर यूएसपीएसएत (इथली प्रॅक्टिकल नेमबाजीची संघटना) मेजरला, म्हणजे जोरदार काडतुसांच्या वर्गाला, पॉवर फॅक्टर (गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेग, भागिले हजार) १६५ लागतो, साध्या .४५ चा १९५ येतो, म्हणजे आधीच पास. रोलंडचा ३०८! एवढे मार्क घेऊन करायचं काय. उलट जिथे कॉम्प चालतो त्या ओपन गटातले लोक १९८० च्या दशकात .४५ सोडून .३८ सुपर काडतुसाकडे गेले ते कॉम्पला गॅस भरपूर मिळावा म्हणून, तेच तत्त्व, पण हलक्या गोळीसोबत. खरी मजा येते १०० यार्डवरच्या स्टीलच्या प्लेटवर. २५ यार्डला झिरो केलेली (नेम जुळवलेली) .४५ तिथे दीड फूट खाली जाते, रोलंड त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि प्लेटचा आवाज असा येतो की बाजूचे लोक वळून बघतात. झटका सरळ मागे येतो, नळी फारशी उडत नाही, पण कॉम्पचा गॅस बाजूच्या लेनवाल्याच्या तोंडावर जातो, त्यामुळे इनडोअरला मी ती नेतच नाही. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही.

केस लांब उडतात, गवतात शोधत बसायला लागतं, आणि शोधायलाच लागतं कारण ही ब्रास, म्हणजे रिकामी केस, स्वस्त नाही. काही जण म्हणतात रोलंडच्या बॅरलमध्ये सरळ .४५ मार. छोटी केस मोठ्या चेंबरमध्ये एक्सट्रॅक्टरच्या (केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) भरवशावर टांगून ठेवायची, मला नाही पटत.

पुण्यातल्या मित्राने विचारलं, तिकडे होईल का रे? नाही. शस्त्र कायदा १९५९ मध्ये बिनापरवाना शस्त्र कन्व्हर्ट करणं हाच गुन्हा आहे, आणि .४५ मुळात सामान्य माणसाला सहजासहजी मिळत नाही. इथे अमेरिकेत कायद्याने फ्रेम म्हणजे बंदूक, बॅरल पोस्टाने घरी येते, तरी कॅलिफोर्नियात थ्रेडेड (टोकाला आटे पाडलेल्या) बॅरलवरून हेच किट अडचणीत आणू शकतं. त्याला म्हटलं, आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडचं गोल्ड .२२ ने मारलंय, तू तेच शिक.

सध्या पिस्तुलावर परत .४५ ची बॅरल आणि जुनी स्प्रिंग आहे, कारण पुढच्या महिन्यात क्लबच्या मॅचला सिंगल स्टॅक गटात उतरायचंय आणि तिथे कॉम्प चालत नाही.