दोघंही धडधाकट, तरी पडदा काळा

कॉम्प्युटरच्या दुकानात तीनशे रुपये टेस्टिंगचे घेतले आणि वर "मॅडम, मदरबोर्डच गेलंय, नवीन घ्या" असं सांगून वाटेला लावलं. ते तीनशे अजून माझ्या डोक्यातून गेले नाहीत, म्हणून हे लिहितेय.

मी दिवाळी अंकांची पानं लावते. ऐन हंगामात कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाने (पडद्यावर चित्र पाठवतं ते) पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन दाखवायला सुरुवात केली. वॉरंटी होती, कार्ड जमा केलं. (जमा करण्याआधी सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. मी नाही काढला, त्याची वेगळी कथा आहे.) तोवर काम चालावं म्हणून माळ्यावरून जुनं जीफोर्स २१० कार्ड खाली काढलं. २००९ सालचं मॉडेल, तळहातापेक्षा थोडं मोठं, वेगळी पॉवरची वायरसुद्धा लागत नाही. पुसलं, बसवलं, क्लिप 'टक्' वाजली.

पंखे फिरले, कीबोर्डचा दिवा लागला, पडदा काळा. बोर्डावर चार बारीक दिवे आहेत: सीपीयू, रॅम, व्हीजीए, बूट. ज्याचं अडतं त्याचा दिवा लागून राहतो. त्यातला व्हीजीएचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, पांढरा दिवा लागून राहिला, जाईचना. कार्ड काढून परत बसवलं, सोनेरी पट्टी खोडरबराने घासली, केबल बदलली, रॅमची एक पट्टी काढून पाहिली. पांढरा दिवा जागचा हलला नाही.

मग सीपीयूचा अख्खा डबा उचलून दुकानात. तिथल्या मुलाने आधी एचडीएमआय केबल बोर्डाच्या मागच्या पोर्टात खुपसली. माझा प्रोसेसर रायझन ५ २६००. त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे बोर्डावरचा तो पोर्ट नुसता शोभेचा. मी हे सांगितलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच्या आजोबांना काहीतरी बोलले! नंतर त्याने माझं कार्ड त्यांच्या एका जुनाट मशीनमध्ये लावलं. पडदा लगेच आला. म्हणजे कार्ड ठणठणीत. म्हणजे बोर्ड गेलं. म्हणजे नवीन घ्या.

पण मशीन आदल्या दिवशीपर्यंत चालू होतं. चौकोन दिसत होते, पण विंडोज उघडत होतं, मी चार पानं लावली होती. रात्रीत बोर्ड कसं जाईल? रिक्षात सीपीयू मांडीवर घेऊन मी हेच घोकत होते. कार्ड चांगलं, बोर्ड चांगलं, आणि एकत्र आणले की दोघांचा अबोला.

उत्तर माझ्याच वहीत होतं. वाण्याच्या यादीच्या मागच्या पानावर माझ्याच अक्षरात: "सीएसएम डिसेबल केलं, सिक्युअर बूट ऑन." विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून त्या उन्हाळ्यात विंडोज ११ टाकलं, तेव्हाचं हे. केलं आणि साफ विसरले. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्राम, आणि सीएसएम म्हणजे त्यातली जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय. ती बंद असली की बोर्ड कार्डाशी फक्त यूईएफआयच्या, म्हणजे नव्या पद्धतीच्या, भाषेत बोलतं, आणि ती भाषा कार्डाच्या आतल्या रॉममध्ये असावी लागते. जीफोर्स २१० तिच्या आधीच्या पिढीतलं. दुकानातलं मशीन जुनं, म्हणून तिथे दोघांचं जमलं.

आता गंमत बघा. सीएसएम चालू करायला बायोसमध्ये जायचं, बायोस दिसायला पडदा हवा, आणि पडदा यायला सीएसएम चालू हवं. आत किल्ली ठेवून दार ओढून घेतल्यासारखं.

बायोस मूळपदावर आणायचं म्हणजे बोर्डावरचा सीआर२०३२ हा गोल सेल काढायचा; सेटिंगं त्याच्या जिवावर टिकतात. काढला. दहा मिनिटं घड्याळ लावून थांबले, परत बसवला. पांढरा दिवा. पुन्हा काढला, अर्धा तास ठेवला, स्वयंपाक उरकून घेतला. पांढरा दिवाच. त्या क्षणी दुकानातल्या मुलाचं बरोबर असावं असं मला खरंच वाटलं. नवीन बोर्डांच्या किमती बघायला बसले.

मग सहज लक्ष गेलं. मागे नेटवर्कच्या पोर्टात एक हिरवा दिवा लुकलुकत होता. मशीन बंद, आणि दिवा चालू! मी भिंतीतली पिन काढलीच नव्हती. मशीन बंद असलं तरी एसएमपीएस (डब्यातला पॉवर सप्लाय) बोर्डाला पाच व्होल्ट देत राहतो, आणि त्या जोरावर बायोसची आठवण शाबूत राहते. सेल काढून मी नुसती हवा खात बसले होते.

पिन काढली. पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, उरलासुरला करंटही गेला. हिरवा दिवा विझला. मग सेल काढला, दहा मिनिटं. या वेळी पांढरा दिवा आला आणि गेला, आणि पडद्यावर बोर्डाचा लोगो! मी चक्क टाळी वाजवली. माझ्या बोर्डात सीएसएम मुळात चालू येतं, म्हणून हे जमलं. तुमच्या बोर्डात मुळात बंद असेल तर सेल काढून काही होणार नाही, कुणाचं तरी नवं कार्ड तासाभरासाठी मागून आणा आणि सेटिंग बदला.

वर आणखी एक निळा पडदा: बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की टाका. बायोस मूळपदावर गेल्याने टीपीएमही (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी सोय) बंद झालं होतं, त्यामुळे विंडोजला मी परकी वाटले. ४८ आकडे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवले होते, फोनवर उघडून एकेक टाकले. तुमचे कुठे आहेत ते आजच बघून ठेवा, सेलला हात लावायच्या आधी.

अंकाची उरलेली पानं त्याच कार्डावर गेली. विंडोज ११ त्याला नीट ओळखत नाही, अक्षरं बटबटीत दिसायची, पण फाइली वेळेत प्रेसला पोचल्या. वॉरंटीतलं कार्ड परत आल्यावर सीएसएम पुन्हा बंद केलं. २१० पुन्हा माळ्यावर गेलंय, खोक्यावर स्केचपेनने लिहून: "आधी सीएसएम चालू कर, मग लाव. आणि पिन काढ गं बाई."