गालिसियाची पायवाट

सारिया गाव पहाटे सोडले तेव्हा पाऊस म्हणावा असा नव्हता. सदरा नकळत भिजवणारी भुरभुर होती, आणि गालिसियन भाषेत तिला ‘ओर्बायो’ असे स्वतंत्र नाव आहे. सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रापर्यंतचे सुमारे ११५ किलोमीटर मी पाच दिवसांत चाललो. स्पेन म्हटले की रखरखीत माळ डोळ्यांपुढे येतो, पण देशाचा हा वायव्य कोपरा अटलांटिकच्या ढगांवर पोसलेला, हिरवागार आहे. वाट दगडी गडग्यांमधून, ओक आणि चेस्टनटच्या सावलीतून जाते. वाटण्या होत होत तुकड्यांएवढी उरलेली शेते पाहून मला कोकण आठवले. घरोघरी ‘ओर्रेओ’ उभे असतात. ही मक्याची लांबट, अरुंद कोठारे खांबांवर उचललेली असतात. वारा खेळावा म्हणून भिंतींना फटी ठेवलेल्या असतात, आणि उंदरांनी वर चढू नये म्हणून प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक रुंद, सपाट दगड बसवलेला असतो.

पहिला मुक्काम पोर्तोमारीनला होता. बेलेसार धरणामुळे १९६३ च्या सुमारास जुने गाव मिन्यो नदीच्या पाण्याखाली गेले, पण त्याआधी तिथले किल्ल्यासारखे भक्कम चर्च दगड न् दगड सुटा करून टेकडीवर पुन्हा उभारण्यात आले. भिंतीजवळ गेल्यावर त्या दगडांवर तेव्हा घातलेले क्रमांक दिसतात. मी त्यांतल्या एका आकड्यावरून बोट फिरवले. तुकोबांच्या पालखीबरोबर इंदापूरला गेलो होतो, तेव्हा उजनीचे पाणी उतरले की उघडे पडणाऱ्या पळसदेवच्या देवळाविषयी गावकरी ज्या स्वरात बोलत होते, तो मला तिथे ऐकू आला.

या लोकांनी भाषाही अशीच जपली आहे. पोर्तुगीजची सख्खी बहीण असलेली गालिसियन हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत सार्वजनिक व्यवहारातून दडपली गेली. १९८१ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत दर्जा दिला. माझ्या मते या प्रदेशाची खरी सीमा डोंगरांपेक्षा बोलीनेच आखली आहे. मेलिदेच्या अलीकडे गाई हाकत येणाऱ्या एका आजोबांना मी पाठ केलेल्या स्पॅनिशमध्ये ‘बुएन कामिनो’, म्हणजे ‘वाट शुभ होवो’, असे म्हटले. ते थांबले, काठी टेकवली आणि मला उमजावे म्हणून तेच गालिसियनमध्ये सावकाश म्हणाले, ‘बो कामिन्यो.’ आपल्या वाटेवर ‘माउली’ म्हणतात, तितक्याच मायेने. सांतियागो येईपर्यंत मग मी भेटेल त्याला तेच म्हणत गेलो.