पद्मिनीची चोक केबल

वडिलांची 1986 सालची प्रीमियर पद्मिनी मी आजही चालती ठेवली आहे. इंजिनाचं सामान शोधलं की मिळतं. घोडं अडतं ते केबलींपाशी. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या तोवर कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचे किरकोळ भागही सहज सापडायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईकच उरलं नाही, तर दुकानदार तरी माल कशाला भरून ठेवतील?

गेल्या थंडीत चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना पेट्रोलचं प्रमाण वाढवणाऱ्या झडपेची तार नॉबपासून वीतभर अंतरावर तुटली. नाना पेठेतल्या ओळखीच्या काकांनी स्कूटरची क्लच केबल पुढे केली. "ही लावा ताई, ओढली की चोक लागतो." लागतो, खरं आहे. पण सुटत नाही.

स्कूटरची केबल बारीक तारांचा पीळ असते. ओढायला दणकट, पण ढकलली की कव्हरातल्या कव्हरात वाकते. स्कूटरला ते चालतं, कारण तिथे लिव्हर मागे न्यायला स्प्रिंग असते. माझ्या गाडीत चोकला एकच अखंड, ताठ तार आहे; नॉब आत दाबला की तीच कार्बोरेटरवरचा लिव्हर मागे ढकलते. चोक अर्धवट लागून राहिला तर पेट्रोल जास्त जातं, प्लग काळे पडतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल पेट्रोलने धुऊन निघतं. पिस्टनच्या रिंगा झिजतात. एका तारेपायी इंजिन उघडावं लागणं मला मान्य नाही.

म्हणून स्प्रिंगा बनवणाऱ्याकडून स्प्रिंगचीच तार आणली. जुन्या तारेची जाडी स्क्रू गेजने मोजून तेवढ्याच जाडीची घेतली. वेटोळ्यातली तार बाक धरून असते, ती सरळ करायला वेळ द्यावा लागतो. कापलेलं टोक कानशीने गोल करायचं, नाहीतर ते कव्हर आतून खरवडतं. कव्हर फुटावर नवं मिळालं. इथे सगळे एकूण लांबी मोजतात, पण खरं माप वेगळंच आहे: कव्हराबाहेर दोन्हीकडे मिळून किती तार उघडी राहते ते. ती कमी पडली तर चोक पूर्ण लागणारच नाही.

नॉबचा जुना दांडा जपून ठेवला होता. त्यातला तारेचा तुकडा बारीक ड्रिलने काढला, नवी तार बसवली, दांडा दाबून आवळला आणि वरून हलका डाख दिला. गॅसच्या ज्योतीने पितळी जोड मारू देऊ नका. एवढ्या उष्णतेने स्प्रिंगच्या तारेचं पाणी उतरतं, म्हणजे तिचा कडकपणा जातो, आणि ती जोडापाशीच मोडते. केबल बसवताना वळणं मोठी ठेवली, कारण जुनी तार तुटली होती ती नेमकी अरुंद वळणावर.

आता नॉब दोन बोटांनी आत जातो आणि लिव्हर थेट मागे टेकतो.

हँडब्रेकच्या केबलला मात्र असली घरगुती कारागिरी नको. तिथे टोकं यंत्रावर दाबूनच बसवून घ्यायची, डाखाच्या भरवशावर गाडी उतारावर उभी करायची नाही. ती मी जुनी केबल नमुन्याला देऊन केबल बनवणाऱ्याकडूनच करून घेतली.