गोमाश्यांची फोटोवरून ओळख : या पावसाळ्यात कुठवर आलो

मुंबईच्या आरे आणि ठाण्याच्या येऊरला काढलेले गोमाश्यांचे (गुरांचं रक्त पिणाऱ्या टॅबॅनिडी कुळातल्या माश्यांचे) सगळे फोटो पुन्हा एकदा चाळले, आणि आता माझा क्रम ठरला आहे: पहिला फोटो समोरून, तोंडाचा. पाठीचा फोटो दिसायला देखणा असतो, पण तो बहुतेक वेळा जीनसपाशी, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापाशी, सोडून देतो.

जीनसपर्यंतचं काम तसं सोपं. पंख नितळ आणि अँटेनाच्या (डोक्यावरच्या स्पर्शिकेच्या) तिसऱ्या भागावर वरच्या बाजूला दातासारखं टोक असेल तर टॅबॅनस. राखाडी पंखांवर पांढरी नक्षी आणि बसताना पंख छपरासारखे उतरते, म्हणजे हेमॅटोपोटा. पंखांवर ठळक काळा पट्टा आणि लांब, सडपातळ अँटेना, तर क्रायसॉप्स. आणि तबेल्यात म्हशीच्या पायांना चिकटून बसणारी, घरमाशीएवढी, सोंड पुढे काढलेली ती स्टोमॉक्सिस. तिचे फोटो गोमाशी म्हणून सारखे येतात. ती या कुळातलीच नाही.

खरा अभ्यास त्याच्या पुढे. मादीच्या दोन डोळ्यांमध्ये कपाळाची पट्टी असते. ती किती अरुंद आहे, वर जाताना रुंदावते की सरळच राहते, हे बघायचं. पट्टीच्या तळाशी एक गुळगुळीत, चकचकीत उंचवटा असतो, त्याला कॅलस म्हणतात. तो चौकोनी आहे का, दोन्ही डोळ्यांना टेकतो का, त्यातून वर बारीक रेघ निघते का? आरेतल्या एका लहान, फिकट माशीच्या डोळ्यांवर एकच बारीक आडवी रेघ होती आणि कॅलस जेमतेम ठिपक्याएवढा. अ‍ॅटायलोटस! पाठीवरून मी तिला टॅबॅनसच्या ढिगात टाकलं असतं. कीटकशास्त्रज्ञ गर्ट्रूड रिकार्डो यांनी १९११ साली आपल्या भागातल्या टॅबॅनसच्या जातींची जी फेरमांडणी केली, ती वाळलेल्या नमुन्यांवरून. डोळ्यांवरचे पट्टे माशी मेल्यावर मावळतात, त्यामुळे जिवंत माशीचा फोटो या एका बाबतीत संग्रहालयातल्या नमुन्यापेक्षा जास्त सांगतो. फक्त हा रंग प्रकाशाच्या कोनाप्रमाणे बदलतो, म्हणून थेट फ्लॅश नको. फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर लावून उजेड बाजूने द्यायचा आणि दोन-तीन कोनांतून टिपायचं.

गाडीच्या काचेवर आतून बसलेली माशी सोडू नका. बाहेरून पोट तर मिळतंच, शिवाय प्रत्येक पायाच्या टोकाला तीन गाद्या स्वच्छ दिसतात. घरमाशीला दोनच असतात.

आता अडलेली जागा. पोटावर तीन फिके उभे पट्टे असलेली माशी दिसली की सगळे ‘टॅबॅनस स्ट्रायटस’ लिहून मोकळे होतात. तिच्यासारख्या दिसणाऱ्या जवळच्या जाती आहेत, आणि पाठीच्या फोटोवरून त्या वेगळ्या काढणं मला मान्य नाही. मी ‘स्ट्रायटस गट’ एवढंच लिहितो. हा हट्ट उगाच नाही: सर्रा हा जनावरांचा रोग टॅबॅनस माश्या पसरवतात. त्याचा परजीवी पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० साली डेरा इस्माईल खान (आता पाकिस्तानात) इथे सापडला, म्हणूनच त्याचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. ज्या शहरात आजही तबेले आहेत तिथे कुठली जात कुठे आहे ही नोंद कामाची आहे, पण ती खरी असली तरच.

नरांचे फोटो मात्र फारच कमी आहेत. नराचे डोळे मध्ये एकमेकांना भिडतात, कपाळाची पट्टीच उरत नाही. तो चावत नाही, म्हणून आपल्याजवळ येतही नाही. फुलांवर आणि टेकडीच्या माथ्यावर सकाळी शोधावा लागतो. येऊरच्या बाजूला कुणाला नर दिसला असेल तर जागा आणि वेळ नक्की कळवा, डोळ्यांचा वरचा अर्धा भाग फोकसमध्ये ठेवून काढलेला फोटो असेल तर फारच उत्तम.