पायात काटे, नडगीवर वळ

मामा झाडावर अनवाणी चढतात. कमरेला कोयता, खांद्यावर दोराचं वेटोळं, आणि चढायच्या आधी बुंध्याला हात लावून नमस्कार. त्यांच्याच हाताखाली मी कोल्हापुरात झाडतोडीचं काम शिकलो. पण माझे पाय त्यांच्यासारखे नाहीत. शिवाय हातात चेनसॉ आल्यापासून नुसतं चढून भागत नाही, वर एका जागी अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागतं. म्हणून काटे घ्यायचं ठरवलं. क्लायंबिंग स्पर हे त्यांचं दुकानातलं नाव, आमच्यात सगळे काटेच म्हणतात.

बघायला साधी वस्तू. खोगिराला असते तशी रिकीब बुटाच्या तळव्याखाली, टाचेच्या पुढं बसते. तिथून पायाच्या आतल्या अंगानं एक दांडी गुडघ्याखालपर्यंत वर जाते. खाली घोट्याजवळ पोलादी टोक, आणि दोन पट्टे, एक घोट्याला, एक पोटरीला. फोटो बघून मी ऑनलाइन मागवले, स्वस्तातले. काट्यात दोन जाती असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आलेले काटे खांबाचे होते. त्यांचं टोक दीड इंचाच्या आसपास. लाकडी खांबाला साल नसते, त्यामुळं तिथं तेवढं पुरतं. पातळ सालीच्या, टणक झाडावरही चालतं. पण जाड सालीच्या झाडाला लांब टोक लागतं, पावणेतीन इंचांच्या जवळपास, म्हणजे साल ओलांडून ते लाकडात बसतं. माझं पहिलं काम कसब्या बावड्याच्या पुढं एका मळ्यातलं, अर्धं वाळलेलं जुनं आंब्याचं झाड. बारा फुटांवर उजवा पाय टाकला, भार दिला, आणि तळहाताएवढी साल पायासकट सुटून आली. टोक लाकडापर्यंत पोचलंच नव्हतं, सालीतच रुतलेलं. मी चारेक फूट घसरलो. कमरेचा, बुंध्याभोवतून घेतलेला दोर एका तुटक्या फांदीच्या खुंटावर अडकला म्हणून थांबलो. छाती आणि दोन्ही कोपरं सोलून निघाली. खाली मामा काही बोलले नाहीत, फक्त पाण्याची बाटली पुढं केली. ते जास्त लागलं.

नंतर उमगलं की दोष नुसता टोकाचा नव्हता. भीतीनं मी झाडाला मिठी मारून चढत होतो. गुडघे बुंध्याला टेकले की दांडी उभी होते, टोकाचा कोन बिघडतो आणि ते आत घुसायच्या ऐवजी सालीवरून खरवडत खाली येतं. गुडघे झाडापासून लांब ठेवायचे, अंगाचा भार मागं कमरेच्या दोरावर टाकायचा, पाऊल लहान. सांगायला सोपं आहे. घरामागच्या एका वठलेल्या झाडावर, जमिनीपासून तीन-चार फुटांच्या वर न जाता, मी आठवडाभर हेच करत होतो. शेजारची पोरं बघायला जमायची.

दुसरी जोडी लांब टोकाची घेतली, टोक बदलता येणारी. या खेपेला वैरी झाली ती दांडी. पेटीतून काढले तसे बांधले आणि एक निलगिरी उतरवली. संध्याकाळी गुडघ्याच्या आतल्या हाडाखाली काळंनिळं वळ, नडगीवर पट्ट्याची खूण, आणि तीन दिवस जिना उतरताना तोंडातून शिव्या. दांडी वर-खाली करायला भोकं असतात. मी ती बघितली होती, पण ती आपल्यासाठी आहेत असं वाटलंच नव्हतं.

माप असं घेतलं. चढायचे तेच बूट घातले, खुर्चीवर बसलो, गुडघा काटकोनात. दांडीचं वरचं टोक गुडघ्याच्या आतल्या हाडाच्या दोन बोटं खाली आलं पाहिजे. त्याहून वर गेलं तर पाय वाकवला की हाडाला टोचतं. फार खाली ठेवलं तर वरचा पट्टा पोटरीच्या फुगीर भागात रुततो आणि सगळा तरफेचा जोर घोट्यावर येतो. दोन्ही पायांचं माप वेगळं घ्यायचं. माझा डावा एका भोकाइतका आखूड निघाला, हे मला तिसाव्या वर्षी कळलं.

बुटाचंही तसंच. मऊ तळव्याच्या बुटात रिकिबीची पट्टी तळपायाला कापते. कडक तळवा आणि टाचेला नीट खाच असलेला बूट हवा, नाहीतर रिकीब पुढं-मागं सरकते. गमबूट घालून चढणारे मी पाहिलेत. त्यांना हात जोडतो.

उरला पॅड. काट्यांबरोबर आलेला पॅड पातळ होता आणि घामानं भिजला की फिरायचा. नवीन भारीचा पॅड परवडत नव्हता. मग सुभाषनगरात एका चपला करणाऱ्या काकांकडं गेलो. त्यांनी दांडी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, "घोडं कुठाय?" सगळं समजावल्यावर बाभळीच्या सालीनं कमावलेल्या म्हशीच्या कातड्याचा रुंद पॅड बेतला, आतून जाड नमदा लावला, आणि पट्ट्यांना मला हवी तिथं नवी भोकं पाडली. बक्कल पायाच्या बाहेरच्या बाजूला येईल असं केलं, कारण आतल्या बाजूला असलं की ते झाडाला नाहीतर दुसऱ्या पायाला घासतं. "पावसाळ्यात तेल लाव, नाहीतर बुरशी धरंल," एवढं बजावलं. कोल्हापूरचा पावसाळा असा की ती बुरशी तरीही धरतेच.

धारेचं प्रकरण उद्यमनगरात मिटलं. टोकं बोथट झाली होती, कारण मी काटे घालून एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत फरशीवरून चालत जायचो. (असं करू नये. टोक तर जातंच, पाय मुरगळतो तो वेगळा.) ओळखीच्या फिटरला म्हटलं, ग्राइंडरवर दोन मिनिटांत मारून दे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याची गाडी विकायला मागितली. म्हणाला, "भावा, निळं पडलं की पाणी उतरलं. मग तुझं वजन त्या टोकावर का ठेवायचं?" ग्राइंडरच्या उष्णतेनं पोलादाचं पाणी उतरतं, टोक मऊ पडतं आणि वाकतं. त्यानं कानस दिली आणि दाखवलं. मुळाकडून टोकाकडं लांब हात, एकाच दिशेनं, मूळचा आकार तसाच ठेवून. सुईसारखं अणकुचीदार करायचं नाही. फार टोकदार केलं तर ते लाकडात इतकं खोल रुततं की प्रत्येक पावलाला उपसून काढावं लागतं. घासून आखूड झालं की टोकच बदलायचं. बदललं की स्क्रू घट्ट आहेत का ते दर चढाईआधी हातानं तपासायचं.

एक गोष्ट मात्र मी कामाच्या पहिल्या बोलण्यातच सांगतो. काटे फक्त तोडायच्या झाडाला, तेही महापालिकेच्या परवानगीचा कागद हातात आल्यावर. छाटणीला नाही. प्रत्येक पावलाला सालीखालच्या जिवंत थरात एक भोक पडतं, आणि तिथून कीड, बुरशी आत शिरते. जगवायच्या झाडावर मी दोर टाकूनच चढतो. मागच्या उन्हाळ्यात राजारामपुरीतल्या एका घरी नारळ उतरवायचे होते. मालक म्हणाले, "तुमच्याकडं ते काटे आहेत म्हणं, पटकन होईल." नारळाच्या खोडाची जखम कधीच भरून येत नाही, आंब्या-वडासारखी त्याला नवी साल धरत नाही. वर ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. ते ऐकून घेईनात. शेवटी मामांना बोलावलं. त्यांनी पायाला दोराचा फास घातला आणि वीस मिनिटांत सगळे नारळ खाली.

त्याच दिवशी घरी आल्यावर मामा म्हणाले, "आण बरं ते तुझं. बघू तरी." त्यांचा पाय माझ्यापेक्षा बुटका, म्हणून दांडी दोन भोकं खाली घेतली, पट्टे आवळले. मागच्या वठलेल्या झाडावर ते सहा फूट चढले, थांबले, दोन्ही हात सोडून मागं दोरावर रेलले आणि वरूनच म्हणाले, "व्हय, बसायला बरं हाय." मग उतरून लगेच सोडून ठेवले. दुसऱ्या दिवशी शिरोलीला कामावर पहिल्याच पावलाला उजवा काटा घोट्यात टोचला. भोकं मामांच्या मापावरच राहिली होती. खाली बसून दोन्ही दांड्या परत वर घेतल्या, आणि घरी गेल्यावर बायकोच्या नेलपॉलिशनं माझ्या भोकांवर लाल ठिपके दिले, डाव्या दांडीवर एक भोक खाली.