आज पुन्हा त्याच फुलोऱ्यापाशी

आज सकाळी तासभर बडीशेपेच्या फुलोऱ्यासमोर बसून होते. एक हॉवरफ्लाय, म्हणजे फुलांवर येणारी एक माशी, हवेत जागच्या जागी थांबलेली, जणू कुणी दोऱ्याने टांगलीय. अंगावर पिवळे-काळे पट्टे, त्यामुळे लांबून गांधीलमाशीच वाटते. पण ही डंख करतच नाही. पंखांची एकच जोडी, मधमाशीला दोन असतात. फोटो मोठा करून पाहिला तर पंखाच्या मधोमध हॉवरफ्लायची खूण असलेली ती खोटी शीरही दिसली, कडेपर्यंत न पोचता मध्येच विरणारी. ही शीर दिसली की मन खात्री देतं. डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले, म्हणजे नर. जात एपिसिर्फस बाल्टिएटस. वहीत नोंद केली.

वर्षभर हीच जागा, हीच वाट. ऋतू बदलला की पाहुणेही बदलतात. साचलेल्या पाण्याजवळ एरिस्टॅलिस या दुसऱ्या हॉवरफ्लाय दिसतात, त्यांच्या अळ्या शेपटीसारख्या लांब नळीने पाण्याबाहेरची हवा घेतात. काही दिवस तर एकही माशी दिसत नाही. त्या दिवशी मी शून्य लिहिते, तारीख आणि हवामानासकट. मला ते शून्य फार मोलाचं वाटतं, कारण कोण कधी गायब होतं हे त्यावरूनच कळतं.

निघताना एक पान उलटवलं. मावा पसरलेला आणि त्यात हॉवरफ्लायचीच एक हिरवट अळी, ना पाय ना डोळे, डोकं इकडेतिकडे फिरवत शिकार चाचपत होती. मावा सापडला की उचलून शोषून घ्यायचा आणि पुढचा शोधायचा. वीस मिनिटं हललेच नाही मी तिथून.